गग्ग भिक्खूची विनंती



विनयपिटकात गग्ग नावाच्या एका भिक्खूची हकीकत आहे. आपल्या विहारांतून ती सहसा कोणी सांगत नाही, म्हणून आज सांगतो. गग्गाचे चित्त भ्रमिष्ट झाले होते. त्या अवस्थेत तो भिक्खूला न शोभणारे पुष्कळ काही बोलला आणि वागला. पुढे तो बरा झाला, पण इतर भिक्खू त्याला सोडीनात. 'तू असे केलेस, आठवते का?' म्हणून त्याला पुन्हा पुन्हा टोचू लागले. तो म्हणे, मी तेव्हा शुद्धीवर नव्हतो, मला काही आठवत नाही. तरी टोचणे थांबेना. गोष्ट तथागतांच्या कानी गेली. त्यांनी ठरवून दिले की गग्गाने संघापुढे येऊन तीन वेळा विनंती करावी, आणि संघाने त्याला 'अमूळ्हविनय' द्यावा. म्हणजे भ्रमात जे घडले त्याचा दोष त्याच्या माथी मारू नये.

भ्रमात घडलेला गुन्हा हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व आजच्या कायद्यातही आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या 84 व्या कलमात होते, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेच्या 22 व्या कलमात आले. परंतु या हकीकतीतली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. संघापुढे बोलला कोण? गग्गाचे गुरू नव्हे, गग्गाचा भाऊ नव्हे. स्वतः गग्ग बोलला. आणि ज्याला कालपर्यंत वेडा म्हणत होते त्याचे म्हणणे संघाने बसून ऐकले.

आता विहारातून तुरुंगाकडे चला. छत्रपती संभाजीनगरात, जुन्या माणसांच्या औरंगाबादेत, हर्सूलला मध्यवर्ती कारागृह आहे. आपल्यापैकी कित्येक घरांतील माणसे कोणत्या ना कोणत्या तुरुंगाच्या फाटकाबाहेर मुलाखतीसाठी उभी राहिलेली आहेत. हे लिहिताना संकोच होतो, पण झाकून काय होणार? 2022 अखेर देशातील तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप शाबीत झालेला नाही असे. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे सहावा, तुरुंगात तो सुमारे पाचवा. त्या एका वर्षात 119 बंद्यांनी आत आत्महत्या केली. जामिनाला पैसा नाही, वकील तोंड दाखवीत नाही, तारखेमागून तारीख पडते. अशा ठिकाणी धडधाकट माणसाचेही मन ढासळते. त्यात आपल्या माणसाला आतही जात सोडीत नव्हती. कित्येक राज्यांच्या तुरुंग नियमांत झाडूचे काम कोणी करायचे आणि स्वयंपाक कोणी करायचा हे जातीवरून ठरत असे. सुकन्या शांता या पत्रकार भगिनीने हे चव्हाट्यावर आणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा 3 ऑक्टोबर 2024 रोजी ते नियम रद्द झाले आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढण्याचा आदेश झाला. स्वातंत्र्यानंतर 77 वर्षांनी!

माझ्या स्वतःच्या चुकीची एक गोष्ट सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी कच्चा कैदी म्हणून आत होता. कोणत्या तुरुंगात, ते सांगत नाही. एके संध्याकाळी त्याची आई दारात आली. "जयभीम सर. भेटायला गेल्ते. पोरानं मला वळखलंच नाही. भितीकडं तोंड करून बोलत बसलं व्हतं." तिला एक अर्ज लिहून हवा होता. मी म्हणालो, "मावशी, आत सरकारी डॉक्टर असतात, ते बघतील. आपण त्यांना काय सांगणार?" खरे कारण वेगळे होते. मी घरातला पहिला पदवीधर, वसाहतीत मान आहे; आपला विद्यार्थी तुरुंगात आणि त्यातून वेडा झालेला, ही गोष्ट माझ्या नावाला चिकटायला नको होती. ती बाई निघून गेली.

पुढे जे कळले ते असे. त्या मुलाला पूर्वीही एकदा हा आजार झाला होता. एका गोळीने त्याची मान आखडून वाकडी झाली होती, दुसऱ्या गोळीने उतार पडला होता. हे त्याला माहीत होते, आईला माहीत होते, डॉक्टरांच्या कागदावर नव्हते. आत त्याला पहिलीच गोळी मिळाली. मान पुन्हा आखडली, आणि 'सोंग करतो' असे म्हणून कोणी लक्ष दिले नाही. मी तीन महिन्यांनी लाजत लाजत अर्ज लिहिला, जुनी चिठ्ठी जोडली, तेव्हा गोळी बदलली. तो पूर्ण बरा झाला असे म्हणणार नाही. आईला ओळखतो.

आपण म्हणतो, ज्याला आई ओळखू येत नाही तो उपचारांबद्दल काय सांगणार? हा युक्तिवाद वरवर शहाणपणाचा आहे. पण मनाचा आजार म्हणजे कायमचा अंधार नव्हे. त्यात शुद्धीचे दिवस असतात, आणि त्या दिवसांत माणूस स्वतःच्या देहाबद्दल इतर कोणाहून अधिक जाणतो. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो 29 मे 2018 पासून लागू आहे, तो हेच धरून चालतो. शुद्धीवर असताना माणसाने आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवावे. साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमावा. नेमला नसेल तर नातेवाईक तो होऊ शकतो. आजार काय, उपचार कोणते, हे त्या दोघांना कळेल अशा भाषेत सांगणे बंधनकारक आहे. साखळीने बांधणे आणि एकांतात डांबणे निषिद्ध आहे. कायद्याच्या 103 व्या कलमाने कैदी यातून वगळलेला नाही, उलट राज्यातील किमान एका तुरुंगात मनोरुग्णांसाठी सोय असलीच पाहिजे असे बजावले आहे. त्याआधी 1993 साली शीला बारसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की ज्याने गुन्हाच केलेला नाही अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे. आसामातला मचांग लालुंग हा आदिवासी 1951 साली पकडला गेला, मनोरुग्णालयात टाकला गेला, आणि खटला न चालताच 2005 साली सुटला. 54 वर्षे त्याला कोणी विचारले नाही.

काही बांधव म्हणतील, कैद्याला विपश्यना द्या, औषध कशाला? जयपूरच्या तुरुंगात 1975 मध्ये आणि तिहारमध्ये 1994 मध्ये शिबिरे झाली, पुष्कळांना त्यांचा लाभ झाला. पण ज्याला कानात आवाज ऐकू येतात त्याला दहा दिवस मौनात बसवणे ही करुणा नव्हे. तथागतांनी आजारी भिक्खूला अंघोळ घातली, त्याला उचलून बिछान्यावर निजवले. त्याला प्रवचन ऐकवून ते निघून गेले नाहीत. आणि देवऋषीकडे जाणाऱ्यांविषयी काय बोलावे? धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतही अजून 'बाहेरची बाधा' शिल्लक आहे. घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग असताना आपली माणसे लिंबू उतरवीत बसतात. असो.

राज्याची जुनी चार मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. म्हणून आपल्या माणसाचा आजार लवकर कळवणे महत्त्वाचे. जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटे फेकू नका. मुलाखतीला जाल तेव्हा झोप, जेवण, बोलणे यांची चौकशी करा, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. अर्जाची एक प्रत तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, एक जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाला द्या; तेथे वकील फुकट मिळतो. घरच्यांना स्वतःला सल्ला हवा असेल तर 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करता येतो.

लिहिता येत नसेल तर रविवारी वंदनेनंतर आमच्या विहारात या. मी तासभर तेथे बसतो, कागद माझ्याकडे असतो.