बायकोला विचारून सांगतो

बडोद्यात समाहून शहराकडे येताना फतेहगंज लागते. जुन्या कॅम्पातली चर्चेस इथेच आहेत. तिथून पुढे सयाजीबाग, बडोद्याच्या मराठी घरांत अजूनही कमाटीबाग. बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झालेल्या आंबेडकरांनी 1917 साली मुंबईची रात्री नऊची गाडी पकडण्यापूर्वी या बागेत काही तास काढले. संध्याकाळपर्यंत खोली सोड, असे लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना पथिकाश्रमात बजावले होते, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्यानंतर ते आसरा मागायला दोन मित्रांकडे गेले होते, हे सहसा सांगितले जात नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी ते नोंदवले आहे. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. तो म्हणाला, बायको उद्या बडोद्याला येते आहे, तिला विचारावे लागेल.

हे नवराबायको मुळात ब्राह्मण घराण्यातले. बाप्तिस्म्यानंतर नवरा उदारमतवादी झाला, बायकोचे सोवळे मात्र तसेच राहिले, असे आंबेडकरांना मागाहून समजले. मला त्या गृहस्थाचे उत्तर त्या सोवळ्याहून जास्त खटकते. बाई गावातच नव्हत्या. त्यांच्या नकाराआड यजमान सुखरूप बसले. चार वाजता आंबेडकर त्या घरातून बाहेर पडले.

अशा घरातही डोंगरावरचे प्रवचन वाचले जात असणार. त्यातला पहिलाच आशीर्वाद आहे तो स्वतःचे आत्मिक दारिद्र्य ओळखणाऱ्यांना. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात प्रार्थनेला आलेल्या दोघांची गोष्ट आहे. परूशी आपले उपास आणि दशमांश देवाला मोजून दाखवतो. जकातदार दूर उभा राहून छाती बडवतो, दया मागतो, आणि देवाच्या लेखी तोच नीतिमान ठरून घरी जातो. परूशी खोटे बोलत नव्हता, त्याने उपास खरोखर केले होते. पण त्याला देवाकडून काही हवेच नव्हते. बडोद्याच्या त्या घरालाही आपल्यात काही उणे आहे, असे वाटत नसावे. बाप्तिस्मा झाला होता, म्हणजे सगळे मिळाले होते.

पंडिता रमाबाईंना स्वतःच्या बाबतीत हेच खुपले. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. वयाच्या विशीत कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हटले, जिने मुंबईत शारदा सदन काढले, त्या विदुषीने आपले हात रिकामे असल्याचे छापून सांगावे, याला मी नम्रता म्हणतो. त्यासाठी आवाज बारीक करावा लागत नाही. याच रमाबाईंनी चेल्टनहॅमच्या कॉलेजात तरुणांना शिकवू नये, असा आक्षेप हिंदुस्थानातल्या बिशपांनी घेतला, तेव्हा त्यांनी तो मुकाट्याने ऐकून घेतला नव्हता. वाँटेजच्या धर्मभगिनींशी वाद घालताना आपल्याला विवेकबुद्धी आहे, ती आपण कोणाकडे गहाण टाकलेली नाही, हे त्यांनी ठणकावले होते. देवापुढे लोटांगण घालणारी बाई बिशपापुढे ताठ उभी राहिली. चर्चमधल्या मंडळींना या दोन गोष्टी एकाच माणसात पाहणे नेहमीच जड गेले आहे.

इथपर्यंत माझे रमाबाईंशी जमते. पुढे आंबेडकर वाट अडवतात. धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी ख्रिस्ती शिकवणुकीवर नेमका इथेच घाव घातला आहे. मनुष्य पडला तो स्वतःच्या पापामुळे, असे एकदा अस्पृश्याच्या मनात भरवले की त्याला पाडणाऱ्या समाजाकडे बोट दाखवण्याचे बळच त्याच्यात उरत नाही. हा आरोप टोलवता येण्याजोगा नाही. मध्य गुजरातच्या चर्चमध्ये बसणाऱ्यांत वणकर या दलित जातीतून आलेली कुटुंबे पुष्कळ. ज्यांचे आजे-पणजे गावात मान खाली घालूनच वावरले, त्यांना व्यासपीठावरून ‘नम्र व्हा’ म्हणून सांगणारा माणूस नेमके काय सांगत असतो? दीन असणे आणि दीन करून ठेवलेले असणे यांतला फरक त्या प्रवचनात आला नाही, तर ते प्रवचन गावच्या पाटलाच्याच बाजूचे होते.

रमाबाई यावर अर्धेच उत्तर देतात. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून त्यांनी त्यांना आसरा दिला, पुढे केडगावच्या मुक्ती सदनात वसवले, शिकवले, कामाला लावले. पापाची जाणीव झाली म्हणून रमाबाईंचे हात बांधले गेले नाहीत, उलट सुटले. पण त्या शास्त्र्याच्या कन्या होत्या, संस्कृत मुखोद्गत होते. खाली उतरायला त्यांच्यापाशी पायऱ्या होत्या. आत्मिक गरजेची कबुली आधी कोणी द्यायची, याला म्हणून क्रम आहे असे मला वाटते. कमाटीबागेत बसलेल्या माणसाकडून ती मागण्यापूर्वी, चारच्या सुमारास ज्या दारातून तो बाहेर पडला त्या दाराआडच्या यजमानाने ती द्यायला हवी होती.

1935 साली येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हा ख्रिस्ती धर्मोपदेशकही आंबेडकरांना बोलवायला पुढे सरसावले. 1956 साली नागपुरात त्यांनी जो धम्म घेतला, त्यात दया मागायला देवच नाही.