लेकरांच्या चालीने

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मारिपोसा परगण्यात, १५ ऑगस्ट २०२१ रोजी एक तरुण दांपत्य आपल्या एक वर्षाच्या कन्येला घेऊन डोंगरवाटेने फिरावयास निघाले. घरचा कुत्राही बरोबर होता. सकाळी हवा सुखद होती आणि वाट उताराने नदीकडे जाणारी होती. परतीची उभी चढण मात्र भर उन्हात सापडली. २०१८ सालच्या वणव्याने त्या उतारावरील सावली नाहीशी केली होती. पारा ४२ अंशांच्या पुढे गेला. दोन दिवसांनी शोधपथकाला चौघांचेही देह मिळाले. जवळ पाण्याची अडीच लिटरांची एकच पिशवी होती, तीही रिकामी. मदतीसाठी लिहिलेला संदेश दरीबाहेर गेलाच नाही, कारण तेथे फोनला संपर्क नव्हता. मायलेकी आणि पिता उष्माघाताने गेले, असा निष्कर्ष पुढे तपासाअंती निघाला.

अशा मातापित्यांना बेजबाबदार ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नव्हे. मुलीला त्यांनी बरोबर नेले ते प्रेमापोटीच. म्हणूनच ही घटना आपल्यापुढे एक अवघड प्रश्न ठेवते. ज्यांच्यावर आपले प्रेम आहे, त्यांना संकटातून दूर ठेवण्यास ते प्रेम पुरेसे असते काय?

त्याचे उत्तर देण्यापूर्वी उष्णता देहात काय करते हे पाहावे. हवा त्वचेहून तापली की ती देहाची उष्णता हरण करण्याऐवजी त्यात भर घालू लागते. मग घामाचे बाष्पीभवन हाच एक आधार उरतो आणि घामाला पाणी लागते. चालणाऱ्याचे स्नायू आतून आणखी उष्णता निर्माण करीत असतात. आतील तापमान ४० अंशांच्या वर गेले की मेंदू गोंधळतो. ‘आता मागे फिरावे’ हा निर्णय ज्या बुद्धीने घ्यायचा, तिच्यावरच हा घाला पडतो. ऊन असह्य झाले तर परतू, असे म्हणणारा मनुष्य आपला निर्णय अशा घटकेवर सोपवीत असतो, जेव्हा तो घेण्यास आपण समर्थ असूच याची शाश्वती नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदृष्टी हा विवेकाचा प्रमुख भाग मानला आहे. येथे तिचे महत्त्व अक्षरशः जीवनमरणाचे ठरते. परतण्याची वेळ उंबरठा ओलांडण्यापूर्वीच ठरली पाहिजे.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. ॲरिस्टॉटलने धैर्याला भ्याडपणा आणि अविचारी साहस यांच्या मधले स्थान दिले. पण हे मध्यस्थान कोणाच्या शक्तीवरून मोजायचे? एकटा गिर्यारोहक जोखीम पत्करतो ती स्वतःच्या देहावर. कुटुंबप्रमुखाच्या धाडसाची किंमत मात्र पाठीवरचे मूलही मोजते. मोठ्यांच्या मानाने त्याचा देह लवकर तापतो. तहान त्याला सांगता येत नाही. नकार तर मुळीच देता येत नाही. थोड्या मोठ्या मुलाला बोलता येते, पण वडीलधारी मंडळी पुढे चालत असताना ‘मला होत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. जून २०२३ मध्ये टेक्सासच्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात, ४८ अंशांच्या उन्हात, १४ वर्षांचा एक मुलगा वाटेवरच कोसळून मरण पावला. मदत आणण्यासाठी धावलेल्या त्याच्या सावत्र पित्याचाही गाडीच्या अपघातात अंत झाला. त्या पित्याच्या मायेविषयी शंका घेण्यास जागाच नाही. परंतु माया संकटात धावून जाते. संकट आधी ओळखणे हे विवेकाचे काम आहे, आणि मायेने ते आपले कर्तव्य मानले पाहिजे.

उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आणि एसाव यांच्या भेटीचा प्रसंग आहे. आपण बरोबरच जाऊ, असे एसाव सुचवितो. याकोब ते नम्रपणे नाकारतो. लेकरे कोवळी आहेत, दुभती जनावरे आहेत. एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरेल, म्हणून मी त्यांच्या चालीने सावकाश येईन, असे तो म्हणतो. भावाच्या बरोबरीने चालण्याचा मान त्याने सोडला, यात त्याचे काही उणे झाले नाही.

आपल्याकडेही शाळांच्या सुट्ट्या ऐन वैशाखात येतात आणि कुटुंबे सह्याद्रीतील किल्ल्यांकडे वळतात. काळा कातळ तापलेला असतो. गडावरची टाकी कित्येकदा आटलेली असतात. मुलांना डोंगर दाखवावेत, त्यांना पायी चालण्याची गोडी लावावी. तो त्यांचा हक्कच आहे. परंतु किती चालायचे, पाणी किती न्यायचे, उन्हे चढण्यापूर्वी कोठून मागे वळायचे, हे सर्वांत लहान मुलाकडे पाहून घरीच ठरवावे. आणि सकाळीच ऊन कडक दिसले, तर त्या दिवशी निघूच नये. मुले हिरमुसतील, कदाचित रडतीलही. त्यांना जवळ घेऊन समजूत घालावी. डोंगर थंडीच्या दिवसांतही तेथेच असतो.