तारू आणि तारा

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. आलेली मंडळी ३ क्रमांकाचं मोठं चैत्यगृह पाहतात, फोटो काढतात आणि माकडांपासून डबे सांभाळत परततात. ९० क्रमांकाच्या लेण्यापर्यंत चढतात ते थोडेच.

तिथं भिंतीवर सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेला अवलोकितेश्वर हा बोधिसत्त्व उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना संकटांची छोटी छोटी दृश्यं आहेत: हत्ती, सिंह, साप, आग, चोर, बेड्या, बुडणारं गलबत, आणि त्यात सापडलेली, हात जोडलेली माणसं. सोपारा, कल्याण या बंदरांच्या व्यापाऱ्यांनी या डोंगराला दानं दिली होती, तेव्हा गलबत असणारच. तारा आणि भृकुटी या दोन देवी त्याच्या शेजारी आहेत. धावा त्याचा, देवी सोबतीला.

वेरूळच्या ९ क्रमांकाच्या लेण्याच्या दर्शनी भागावर संकटं तीच, पण मधोमध तारा. शेजारची मध्यावर आली, आणि बंगाल-बिहार-नेपाळच्या अकराव्या-बाराव्या शतकातल्या ताडपत्री पोथ्यांत तर ती एकटीच चौकट व्यापून बसते. मराठीतलं ‘तारू’ आणि तिचं नाव एकाच धातूतून आलेलं आहे. पैलतीराला नेणारी ती तारा, हे दर्यावर्दी माणसाला समजावून सांगावं लागलं नसणार.

ताडपत्राची रुंदी जेमतेम चार बोटं. दोरा ओवायला भोकं, ओळीमागून ओळी, आणि मध्येच अक्षरांना बाजूला सारून काढलेली आगपेटीपेक्षा थोडी मोठी चौकट. तीत हिरवी किंवा पिवळी देवी. मजकूर मात्र बहुधा ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिते’चा, म्हणजे शून्यतेचा. त्या ओळींत ना हत्ती, ना गलबत. कलेची पुस्तकं या पोथ्यांना सर्रास ‘सचित्र’ म्हणतात, जणू चित्र मजकूर उलगडून दाखवतं. मला हा शब्दच चुकीचा वाटतो. देवी मजकुराचा अर्थ सांगायला बसलेली नाही. ती राखणीला आहे. ती पोथी राखते आणि पोथी घर राखते. आमच्याकडे लाल फडक्यातली पोथी जमिनीवर ठेवायची नाही, असा दंडक होता. पोराला ताप चढला की आजी ती त्याच्या उशाशी ठेवायची. उघडायची नाही. ‘पंचरक्षा’ पोथ्यांत तर पाच मंत्रग्रंथ म्हणजेच पाच देवी. त्यांतली महामायूरी सापाच्या विषावर.

पोथी आणि देवी यांची ही जोडी पूर्वेकडेच जुळली असंही नाही. वेरूळच्या ६ क्रमांकाच्या लेण्यात महामायूरी उभी आहे, शेजारी मोर, आणि खाली एक माणूस पोथी वाचत बसलेला. मोर दिसला की मराठी माणूस ‘सरस्वती’ म्हणून मोकळा होतो. मीही झालो होतो. पण हे वाचन ज्ञानासाठी नसून विष उतरवण्यासाठी आहे. लेणं उचलून नेता येत नाही, पोथी काखोटीला मारता येते. देवी दगडावरून पानावर उतरली यात मला श्रद्धेइतकीच सोयही दिसते.

आणि पोथीबरोबर ठिकाणंही फिरली. केंब्रिजच्या विद्यापीठात १०१५ साली नेपाळात लिहिलेली एक प्रज्ञापारमिता आहे. तिच्यात ८५ चित्रं आहेत. आल्फ्रेड फूशे या फ्रेंच अभ्यासकानं १९०० साली त्यांच्याखालची नावं वाचून छापली. ती देशोदेशींच्या नामांकित देवस्थानांची आहेत. त्यांत कोकणातल्या कृष्णगिरीचं चैत्यही आहे. कृष्णगिरी म्हणजे आपलं कान्हेरी.

चित्रकार कधी इथवर आला असेल असं मला वाटत नाही. त्याला नाव पुरलं. पण ही पोथी लिहिली जात होती त्याच सुमारास डोंगरावर माणसांची ये-जा चालू होती. १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशांनी आपली नावं पहलवीत कोरून ठेवली आहेत, बुडणारं गलबत कोरलेल्या त्याच ९० क्रमांकाच्या लेण्यात.