वाचकाचें मत आणि वाचकाचें ऋण

ग्रंथ लिहिण्यास अधिकार लागतो, याविषयीं फारसा मतभेद नाहीं; परंतु ग्रंथावर मत देण्यास अधिकार लागतो कीं नाहीं, या प्रश्नास प्रत्येक जण आपल्या सोयीचें उत्तर देत असतो. ग्रंथकार म्हणतो, 'ज्यानें या विषयांत केस पांढरे केले नाहींत, त्यानें माझ्या ग्रंथाविषयीं बोलूं नये.' वाचक म्हणतो, 'पदरचे पैसे देऊन मीं पुस्तक घेतलें, रात्री जागून वाचलें. आतां मीं काय म्हणावें हें मला कोणी शिकवूं नये.' दोन्ही म्हणणीं ऐकतांना खरीं वाटतात, आणि दोहोंतहि थोडें खोटें आहे. नाटक-कादंबरीच्या बाबतींत हा वाद फारसा चिघळत नाहीं; परंतु इतिहास, तत्त्वज्ञान किंवा साहित्यमीमांसा यांवरील पांडित्यपूर्ण ग्रंथाविषयीं सामान्य वाचकानें बोलावें काय, आणि बोलावयाचें तर कोणत्या अटीवर, हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नसून नीतीचा प्रश्न आहे, असें आम्हांस वाटतें. तो तसा कां आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम आमचाच एक अपराध सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एक जाडजूड ऐतिहासिक ग्रंथ अभिप्रायासाठीं आमच्याकडे आला. प्रस्तावना वाचली, शेवटचें प्रकरण वाचलें, मधलीं तीन-चारशें पानें चाळलीं, आणि 'ग्रंथ नीरस असून लेखकाचीं अनुमानें पटण्यासारखीं नाहींत' असें लिहून आम्ही मोकळे झालों. तीं कां पटलीं नाहींत हें लिहिलें नाहीं. कारण तें आमचें आम्हांसच ठाऊक नव्हतें. कांहीं दिवसांनीं एका तालुक्याच्या गांवाहून एका सेवानिवृत्त शिक्षकांचें कार्ड आलें. त्यांनीं तो ग्रंथ सबंध वाचला होता, इतकेंच नव्हे तर जमीनमहसुलाचें प्रकरण आपल्या गांवांतील जुन्या कागदांशीं ताडून पाहिलें होतें. दोन ठिकाणीं लेखकाची चूक त्यांना आढळली होती; बाकीचें बरोबर वाटलें होतें. 'आपली हरकत याच दोन ठिकाणांविषयीं आहे काय?' एवढेंच त्यांनीं विचारलें होतें. त्या प्रश्नांत टोमणा नव्हता, म्हणूनच तो अधिक बोचला. आम्हीं त्या पत्राचें उत्तर पाठविलें नाहीं. पदवी आमच्याजवळ होती. अधिकार त्यांच्याजवळ होता.

तेव्हांपासून ग्रंथांविषयींचीं मतें ऐकतांना एक संवय जडली आहे. वाचक जें म्हणतो त्याचे तीन प्रकार पडतात. 'हें मला आवडलें नाहीं' हा पहिला. 'हें खरें नाहीं' हा दुसरा. आणि 'हें लिहावयास नको होतें' हा तिसरा. पहिल्या विधानास प्रामाणिकपणाखेरीज दुसरें कांहीं लागत नाहीं. आपल्या आवडीनावडीचा साक्षी ज्याचा तोच. दुसऱ्या विधानास पुरावा लागतो; कारण तेथें वाचक स्वतःविषयीं बोलत नसून जगाविषयीं बोलत असतो. तिसऱ्याचें ओझें सर्वांत मोठें. कारण त्यांत दुसऱ्याच्या लेखणीवर बंधन घालण्याची मागणी असते, आणि अशी मागणी करणारानें दुसरी पायरी चढलेली असावीच, शिवाय त्याहून पुढें जाण्याचें सबळ कारण त्याच्यापाशीं असावें. अनर्थ होतो तो या तीन विधानांची सरमिसळ झाल्यामुळें. नावड हीच सत्यासत्याच्या निर्णयाचा वेष घेते, किंवा मधली पायरी गाळून पहिलीवरून तिसरीवर उडी मारते.

सर्व विषयांत या पायऱ्यांचें महत्त्व सारखें नाहीं, हें खरें. काव्याच्या रसग्रहणांत पहिली पायरी पुष्कळ दूरवर नेते. तत्त्वज्ञानांत सामान्य वाचकाचा वांटा आपण समजतों त्याहून मोठा आहे. लोकमान्य टिळकांनीं १९१०-११ च्या हिंवाळ्यांत मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेलें 'गीतारहस्य' १९१५ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां तें शास्त्रीपंडितांपुरतें राहिलें नाहीं. संस्कृताची फारशी ओळख नसलेल्या गृहस्थांनींहि तें घेऊन वाचलें. शांकरभाष्याचा अर्थ टिळकांनीं नीट लावला आहे कीं नाहीं, हें अशा वाचकास ठरवितां येणार नाहीं, आणि त्यानें तसा आवहि आणूं नये. परंतु हीं प्रमाणें मान्य केलीं तर हा सिद्धांत निघतो कीं नाहीं, ही तर्काची साखळी हातांत घेऊन तिचा एकेक दुवा ओढून पाहण्यास कोणाची सनद लागत नाहीं. इतिहासांत मात्र दुसऱ्या पायरीवांचून गत्यंतरच नाहीं. आणि म्हणूनच वाचकाच्या नीतीची कसोटी तेथें सर्वांत कडक लागते.

याचें एक उत्तम उदाहरण आपल्याकडे घडलेलें आहे. जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध झाला. डफ साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी होता. पेशव्यांचें दफ्तर, साताऱ्याचे कागद आणि अनेक बखरी त्याला पाहावयास मिळाल्या, आणि त्यांवर त्यानें घेतलेले श्रम आजहि थक्क करणारे आहेत. त्याचा ग्रंथ लवकरच 'मराठ्यांची बखर' या नांवानें मराठींतहि उतरला. परंतु मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीच्या रानांत वाळल्या गवताला लागलेला वणवा, अशी त्यानें योजलेली उपमा वाचून मराठी वाचकाचें मन दुखावल्यास नवल नव्हतें. पुढें १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत न्यायमूर्ति रानड्यांनीं तिचा परामर्श घेतला. त्याच्या कितीतरी आधीं, १८६७ सालीं, नुकतीच विशी ओलांडलेल्या नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानें पुण्यांतील तरुणांच्या एका सभेंत डफच्या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला. कीर्तने त्या वेळीं कोणी नामांकित इतिहासज्ञ नव्हते. ते एक वाचक होते. त्यांच्यासमोरचा ग्रंथकार राज्यकर्त्यांच्या जातीचा होता, आणि चाळीस वर्षें त्याचा शब्द प्रमाण मानला गेला होता. तरी त्यांनीं केवळ मन दुखावल्याचें गाऱ्हाणें मांडलें नाहीं. त्यांनीं डफच्या चुका दाखविल्या, आणि मराठ्यांचा इतिहास अस्सल साधनांवरून पुन्हा पारखून घेतला पाहिजे, असा आग्रह धरला. दुःख पहिल्या पायरीवर झालें. उत्तर दुसरीवर दिलें गेलें.

अशा वाचकाचें मत वांझ राहत नाहीं. १८७८ सालीं 'काव्येतिहाससंग्रह' निघाला व जुन्या बखरी छापून लोकांसमोर येऊं लागल्या. १८९८ सालीं राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड निघाला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. या सर्वांचें मूळ एकट्या कीर्तन्यांच्या निबंधांत आहे असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु परक्याच्या ग्रंथानें मन दुखावलें असतां कागद शोधावे, हा मार्ग ज्यांनीं प्रथम दाखविला त्यांत कीर्तन्यांचें स्थान आहे, हें निर्विवाद होय.

याच प्रकरणाची दुसरी बाजूहि विसरतां कामा नये. आपण वापरलेल्या कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचें डफनें आपल्या टीपांत नमूद केलें होतें. पुढील अभ्यासकांस त्या मिळाल्या नाहींत, आणि डफनें कागद जाळून टाकले अशी वार्ता महाराष्ट्रांत पुष्कळ वर्षें फिरत राहिली. डफकडे पुरावा मागणारे आपण त्याच्यावरील आरोपास मात्र तितक्या कसोशीनें पुरावा मागत नव्हतों. राग आला कीं संशय हाच पुराव्याच्या जागीं येऊन बसतो. आणि तो आपल्या बाजूचा असल्यामुळें त्याला कोणी उठवीत नाहीं.

विद्वत्ता असली म्हणजे हा दोष टळतो असेंहि नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ सालीं निघाली, आणि ग्रंथपरीक्षणाची कला मराठींत रुजविण्याचें श्रेय तिला देणें न्याय्य आहे. त्याच मालेंत जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा जो समाचार घेतला गेला, त्यांत भाषेच्या व व्याकरणाच्या चुकांवर भरपूर कोरडे ओढले आहेत. १८७३ सालीं प्रसिद्ध झालेली 'गुलामगिरी' इतिहासाविषयीं आणि न्यायाविषयीं कांहीं घणाघाती विधानें करीत होती. तीं खरीं कीं खोटीं, हा प्रश्न होता. त्यांतील इतिहासाचा भाग पुराव्यानें खोडून काढतां आला असता, आणि अन्यायाची तक्रार खरी कीं खोटी हें भोंवतालीं डोळे उघडून पाहतां आलें असतें. परंतु लेखणीची नावड निर्णयाच्या आसनावर चढली, आणि मूळ प्रश्न बाजूस राहिला. १८८५ सालीं ग्रंथकारांच्या सभेचें निमंत्रण आलें असतां फुल्यांनीं तें नाकारलें. आपल्या लोकांच्या हक्कांची जेथें वास्तपुस्त नाहीं, तेथें आपल्या ग्रंथांचा मेळ बसणार नाहीं, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. न वाचतां दिलेल्या मतापेक्षां ऐकून न घेतां दिलेलें मत अधिक दूर लोटतें, हें त्या पत्रावरून कळतें.

आणि मधली पायरी समूळ गाळली गेली म्हणजे काय होतें, तें आपण आपल्याच काळांत पाहिलें आहे. जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाच्या, २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या शिवचरित्रविषयक पुस्तकांत कर्णोपकर्णीं फिरणारी एक टवाळी छापली गेली होती. तिला आधार काय, हा आक्षेप अगदीं रास्त होता, आणि कीर्तन्यांच्या परंपरेंतला होता. कांहीं इतिहासज्ञांनीं तो प्रकाशकांस लिहून कळविला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत पुस्तकाची भारतांतील विक्री थांबली. प्रकरण तेथें संपावयास हरकत नव्हती. परंतु ५ जानेवारी २००४ रोजीं शंभराहून अधिक लोकांचा जमाव पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत शिरला. ज्या संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमानें १९६६ सालीं पुरी केली, तिचीं कपाटें मोडलीं गेलीं, ग्रंथ आणि हस्तलिखितें यांची नासधूस झाली. संस्थेचा दोष काय, तर लेखकानें तिचे आभार मानले होते. पुढें सरकारनें पुस्तकावर बंदी घातली; ती मुंबईच्या उच्च न्यायालयानें २००७ सालीं रद्द केली, व तो निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं कायम केला. पण न्यायालयाच्या निकालानें फाटलेलें पान सांधत नाहीं. डफनें कागद जाळले असा ज्या महाराष्ट्रानें संशय धरला, त्याच महाराष्ट्रांत इतिहासाच्या अभिमानापोटीं कागद फाडले गेले. त्या जमावांतील किती जणांनीं तें पुस्तक उघडून पाहिलें होतें, हा प्रश्न विचारण्याचेंहि कोणाच्या मनांत आलें नसेल.

यावर असा आक्षेप घेतां येईल कीं, प्रत्येक मतास पुरावा मागूं लागलों तर सामान्य वाचक मुकाच होईल, आणि पंडितांस मोकळें रान मिळेल. हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु ज्यास सिद्ध करतां येत नाहीं त्यास विचारतां तर येतें! 'हें कशावरून?' हे दोन शब्द उच्चारण्यास कोणतीहि पदवी लागत नाहीं. आणि ज्या विद्वानास त्यांचा राग येतो, त्याच्या विद्वत्तेविषयींच शंका घ्यावी. ऋण दोन्हीकडचें आहे. ऐकींव टवाळी टीपेवांचून छापणारा ग्रंथकार वाचकाचा ऋणको आहे. आणि पान न उघडतां निकाल देणारा वाचक ग्रंथकाराचा. आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं यावर एक तोड काढून ठेवली होती. खंडन करण्यापूर्वीं पूर्वपक्ष मांडावा, आणि तो असा मांडावा कीं, प्रतिपक्षानें 'होय, माझें म्हणणें हेंच' असें म्हणावें. ही केवळ वादाची रीत नव्हे. दुसऱ्याचें ऐकून घेतल्याची ती पावती आहे, आणि ती दिल्यावांचून मत देण्याचा हक्क पदरांत पडत नाहीं.

त्या शिक्षकांचें कार्ड अजून आमच्या पेटींत आहे. पुढें एकदां तो ग्रंथ आम्हीं सबंध वाचला. नीरस तो आम्हांस तेव्हांहि वाटला. तेवढें आमचें पहिलें मत खरें होतें. अनुमानें मात्र बहुतेक पटलीं. हें कळविण्यासाठीं पत्र लिहिलें, तेव्हां पत्ता तोच होता, पण पत्र घेणारे राहिले नव्हते. त्यांच्या मुलानें दोन ओळींत तसें कळविलें. ग्रंथकारहि तोंवर निवर्तले होते. देणें होतें तें ज्यांचें त्यांस पोंचलें नाहीं. म्हणून तें येथें, वाचकांच्या देखत, फेडूं पाहत आहों.