खुशी कुणाची?

हॉटेलात जेवण आटोपल्यावर बडीशेपेच्या बशीत जे काही ठेवले जाते, त्याला आपल्या भाषेत धड नाव नाही. ‘टिप’ इंग्रजांनी दिली, ‘बक्षीस’ फारसीतून आले, आणि दिवाळीची ‘पोस्त’ वर्षातून एकदाची. बक्षीस या शब्दात देणारा वर आणि घेणारा खाली हे आधीच ठरलेले आहे. फारसीत त्याच धातूचा अर्थ क्षमा करणे असाही होतो. आमच्या घराघरांत बोलल्या जाणाऱ्या दखनीत मात्र या देण्याला ‘खुशी’ म्हणतात. “खुशी से जो देना है वो दो.” शब्द गोड आहे. पण खुशी कुणाची, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मजुरी ठरलेली असते, ती मागता येते आणि मिळाली नाही तर भांडता येते. खैरात मागता येते, भांडता येत नाही. टिप या दोन्हींहून चमत्कारिक. ती मागायची नाही, तिच्यासाठी भांडायचे तर नाहीच; फक्त ती मिळावी म्हणून दिवसभर हसतमुख राहायचे. आता काही मंडळी म्हणतात की परदेशातल्याप्रमाणे आपल्याकडेही बिलाच्या दहा टक्के टिप देण्याचा रिवाज पडावा. हजार-बाराशेचे बिल सहज भरणारी माणसे वेटरसाठी सुटे दहा रुपये शोधत बसतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तेव्हा या म्हणण्यामागची कळकळ खोटी नाही.

हा प्रश्न खुद्द वेटरला विचारावा तर तो पुस्तकी तत्त्वज्ञानाला सुरुंग लावतो. पगार मालकाच्या गल्ल्यात अडकून राहतो, उचलीत वळता होतो, फुटलेल्या ग्लासापोटी कापला जातो. टिप संध्याकाळी हातात पडते. रत्नागिरी-रायगडच्या आमच्या मोहल्ल्यांतून बोटीवर आणि पुढे आखातात कामाला गेलेल्यांच्या तोंडून आम्ही हेच ऐकत आलो: पगार घरी पाठवला, तिथे जगलो ते टिपेवर. ज्या पैशावर माणूस जगला, तो पैसा अपमानाचा होता असे त्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तरीही आम्हाला हा रिवाज नको आहे, आणि त्याचे कारण शोधायला परदेशात जायची गरज नाही. आपल्या गावगाड्याने हा प्रयोग शतकानुशतके करून पाहिलेला आहे. महार वतनदार सरकारचे काम करी. टपाल पोचवी, सारावसुलीला माणसे बोलावी, अधिकारी गावात आला की त्याच्या घोड्यापुढे धावे. सरकार त्याला मोबदला देई तो नाममात्र, कारण उरलेले गाव बलुत्यातून देईल, असा हिशेब होता. गाव देई; पण खळ्यावर उभे करून, आपल्या मर्जीने देई. मर्जी फिरली की बलुते बंद. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायदा सुधारण्याचे बिल आणले, तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते इथेच. ज्याचे काम करायचे त्याने पगार द्यावा. राबायचे एकासाठी आणि भाकरीसाठी तोंडाकडे बघायचे दुसऱ्याच्या, ही गुलामी आहे. ते बिल तेव्हा पार पडले नाही. खालच्या दर्जाची गावकामगार वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, ते उगाच नव्हे.

वेटर म्हणजे वतनदार नव्हे, हे आम्हालाही कळते. तो नोकरी सोडू शकतो, जन्माने त्या टेबलाशी बांधलेला नाही. पण हिशेबाची रीत तीच आहे. टिप एकदा रिवाज झाली की मालक ती पगारात धरू लागतो. “तुला वरकमाई आहेच की!” हे वाक्य आजही नोकरीवर ठेवताना बोलले जाते, उद्या ते नियम होईल. अमेरिकेत ते झालेच आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आगगाड्यांच्या शयनयानात मुक्त झालेले काळे गुलाम नोकरीला ठेवले, पगार तुटपुंजा दिला आणि बाकीचे प्रवाशांच्या बक्षिसीवर सोडले. त्यांची संघटना १९२५ साली उभी राहिली आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडले. आजही तिथल्या केंद्रीय कायद्याने टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप कमी पडली तर ७.२५ डॉलरपर्यंतची भर मालकाने घालावी, असेही कायदा म्हणतो. पण कमी पडली हे मालकापुढे सिद्ध करीत बसायचे कामगाराने. काही राज्यांनी यापेक्षा बरे दर ठरवले आहेत, एवढेच.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक बोचते. खुश होणे ही काही निर्मळ गोष्ट नाही. माणूस कशाने खुश होतो? चेहऱ्याने, बोलीने, नावाने. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने घरपोच जेवण घेऊन येणारा मुलगा मुसलमान आहे म्हणून ऑर्डर रद्द केली होती. त्या कंपनीने, अन्नाला धर्म नसतो, असे उत्तर दिले आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पण ऑर्डर रद्द करणारा दिसतो तरी. ज्याने ऑर्डर घेतली आणि छातीवरच्या पट्टीवरचे नाव वाचून खिशातला हात खिशातच ठेवला, तो कुणाला दिसणार? त्याच्यावर ना खटला होतो, ना बातमी. पगाराला नाव वाचता येत नाही, खुशीला येते. घरभाड्याचे आणि पोराच्या फीचे पैसे अशा नजरेवर सोपवावेत काय?

मग हॉटेलवाल्यांनी बिलातच ‘सेवा शुल्क’ लावले तर? त्याचीही कथा झाली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले की असे शुल्क बिलात आपोआप जोडता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. त्याआधी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या करप्रकरणात निकाल दिला होता की गिऱ्हाइकाने दिलेली टिप हा मालकाने दिलेला पगार नव्हे. म्हणजे कायद्याच्या नजरेत टिप ही देणाऱ्याची इच्छा आहे आणि पगार ही मालकाची जबाबदारी आहे. ही रेघ आम्हाला पटते. सक्ती केली की खुशी उरत नाही, आणि खुशीवर सोडले की हक्क उरत नाही.

इथे एक लबाडी मात्र ओळखून ठेवली पाहिजे. “आमचा तत्त्वतः विरोध आहे” असे म्हणून बशी रिकामी ठेवून उठणारी माणसे आपल्यातच आहेत. त्यांच्या तत्त्वाची किंमत ती स्वतः मोजत नाहीत, वेटर मोजतो. जोवर पगार धड नाही तोवर द्यावे. कार्डावर चढवण्याऐवजी रोख, हातात द्यावे. आणि दिल्याचा टेंभा मिरवू नये. आणखी एक. टेबलाशी येतो तो निदान दिसतो. भटारखान्यातला वस्ताद, मोरीवाला, रात्री शटर पाडल्यावर फरशी घासणारा पोऱ्या, यांच्यापर्यंत आपली खुशी पोचतच नाही. काही हॉटेलांत गल्ल्याजवळ डबा असतो आणि त्यातले पैसे सर्वांत वाटले जातात. ती रीत बरी. पण डब्याची किल्ली कुणाकडे असते, हेही विचारून घ्यावे.

खरा मार्ग साधा आणि महागडा आहे. पदार्थाच्या किमतीतच सर्वांचा पुरेसा पगार धरावा. मग दालगोश्तच्या प्लेटला वीस रुपये जास्त पडतील आणि पाटीवर लिहिता येईल, ‘येथे टिप घेतली जात नाही.’ जपानमध्ये टिपेशिवाय उत्तम पाहुणचार होतो, तेव्हा हे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये. अडचण आहे ती आपल्यापाशी. समजा असे हॉटेल उद्या आपल्या मोहल्ल्यात निघाले, आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलात तीच प्लेट वीस रुपयांनी स्वस्त मिळत असली, तर दुसऱ्या दिवशी आपण रस्ता ओलांडू की नाही?