काठावरचा सल्ला

ज्यास पोहता येत नाही त्याने काठावर उभे राहून बुडणाऱ्यास हात कसे मारावेत हे शिकवू नये, ही गोष्ट सर्वांस मान्य आहे. परंतु ज्यास पोहता येते त्यानेही काठावर उभे राहून नुसते शिकवीत बसू नये, हा त्याच न्यायाचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी ध्यानी घेत नाही. सल्ला देण्याचा अधिकार कोणास पोचतो, आणि तो दिल्यावर त्याच्या फळाचा वाटा सल्लागाराच्या पदरी किती पडतो, हा प्रश्न तसा जुनाच आहे. राजसभेपासून स्वयंपाकघरापर्यंत तो रोज उपस्थित होतो. आम्हांस तो नव्याने भेटला तो भोसरीतील एका चहाच्या टपरीवर, कबड्डीच्या गप्पांत.

तो २०२४ च्या फेब्रुवारीतील शेवटचा दिवस होता. वार गुरुवार, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वसाहतीचा साप्ताहिक सुटीचा वार. दुसऱ्या दिवशी हैदराबादेस प्रो कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना व्हावयाचा होता, आणि त्यात पुणेरी पलटणाची गाठ हरियाणा स्टीलर्सशी पडणार होती. याच पलटणाने २०२२ च्या डिसेंबरात मुंबईस अंतिम सामना जयपूरकडून ३३-२९ असा गमावला होता. ती जखम अद्याप ओली होती. ज्या भोसरीत मुलास चालता येऊ लागले की तो मातीत रेषा आखतो असे म्हणतात, तेथे अशा सायंकाळी दुसरा विषय निघणे शक्यच नव्हते. आम्ही बसची वाट पाहत होतो. बस आली आणि गेली, पण आम्ही उठलो नाही.

वादात प्रमुख पक्ष दोन होते. एक नाना, वय साठीच्या पुढे, एकेकाळचे कोपरारक्षक आणि पुढे आयुष्यभर प्रेसवर काम केलेले. दुसरा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर असलेला पंचविशीतला तरुण. वादाचा मुद्दा चढाईचा नव्हता, बचावाचा होता. आणि याचे आम्हांस प्रथम नवल वाटले. सामान्य प्रेक्षक टाळ्या वाजवितो त्या चढाईपटूस. पण ज्यांनी हा खेळ अंगावर घेतला आहे त्यांस ठाऊक असते की, सामना जिंकतात ते बहुधा मागे हात धरून उभे असलेले सात जण.

नानांचे म्हणणे असे की, पहिल्या दोन चढाया मोकळ्या जाऊ द्याव्या. चढाईस अवधी अवघा तीस सेकंदांचा. बचावपटूंनी खोल राहावे, कोपरे झाकावे, चढाईपटूस हवेत हात फिरवून परत जाऊ द्यावे. लागोपाठ दोन चढाया रित्या गेल्या की तिसरी निर्णायक. तीत गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. तेव्हा त्यास आत यावेच लागते. "त्याला यायची गरज पडू दे, मग धर," असे नाना म्हणाले. तरुणास हे पटेना. "नाना, तुम्ही मागं सरकत राहिलात तर तो बोनस उचलून जातोय की! सहा-सात गडी असताना त्याचा पाय बोनस रेषेपलीकडं पडला की गुण गेला. पुढं होऊन धरायचं. शादलू काय करतो?" महंमदरेझा शादलू हा तेव्हा पलटणाचा इराणी डावा कोपरारक्षक, चढाईपटू सावध होण्यापूर्वीच त्याच्यावर झेप घेणारा. नानांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "शादलू करतो ते शादलूनं करावं. साखळीतला एक सुटला की दुसऱ्याचा हात लोंबकळतो. त्याची चूक मग सगळ्यांनी भरायची."

येथे एक मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने ज्यास हुतुतू म्हटले, तो हा खेळ अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी परदेशी लोकांस करून दाखविला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत त्याचा प्रवेश झाला. तेव्हापासून सुवर्णपदक आमचेच, असे आम्ही गृहीत धरून बसलो. २०१८ साली जकार्तास इराणच्या पुरुषांनी आमच्या संघास उपांत्य फेरीत हरविले, आणि इराणच्या स्त्रियांनी अंतिम सामन्यात आमच्या स्त्रियांस. त्या इराणी स्त्रियांच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आमची विद्या आमच्याच शिक्षिकेने तेथे नेली, आणि पुढे तेथलाच गडी पुण्याचा कोपरा राखावयास आला. विद्येस कुंपण नसते, हे यावरून दिसते. पण त्याचबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. जैन बाईंनी काठावरून सल्ला पाठविला नाही. त्या तेथे जाऊन राहिल्या, त्या मुलींच्या जयापजयाशी आपले नाव बांधून बसल्या. प्रशिक्षक आणि बघ्या यांच्यातील अंतर ज्ञानाचे नसून या बंधनाचे आहे.

नाना आणि तो तरुण यांच्यात खरा कोण, हे ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. धैर्य हे भ्याडपणा आणि अविचार यांच्या मधले असते, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेविले आहे. परंतु ते मध्य नेमके कोणत्या पावलावर येते, हे त्यानेही प्रसंगावर आणि माणसावर सोपविले आहे. दोघांचेही बोलणे विचाराचे होते. आम्हांस विचारात पाडले ते तिसऱ्याने. बाकाच्या टोकास एक सडपातळ मुलगा इतका वेळ गप्प बसला होता. तो तेथल्याच एका संघातून खेळतो असे कळले. तरुणाने त्यास विचारले, "तू सांग ना रे, कोणाचं बरोबर?" मुलगा थोडा लाजला आणि म्हणाला, "आत असल्यावर तुमचं काही ऐकू येत नाही. आणि ज्या वेळी येतं, त्या वेळी नेमकं चुकतं."

या वाक्याने आम्ही वीस वर्षे मागे गेलो. त्या काळी एका महाविद्यालयाच्या जिमखान्याचे काम आमच्याकडे होते. आंतरमहाविद्यालयीन सामना, शेवटची दोन मिनिटे, आमचा संघ एका गुणाने मागे. आमचा डावा कोपरारक्षक म्हणजे खेड तालुक्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा, अत्यंत संयमी. चढाईपटू त्याच्या समोर आला आणि वळला. तो थांबून होता. आम्ही रेषेबाहेरून सर्व बळ एकवटून ओरडलो, "धर!" त्याने झेप घेतली. घोट्यावर हात पडला, पण निसटता. खांदा जमिनीवर आपटून निखळला, सामना गेला. इतकेच असते तर खेळ म्हणून सोडून देता आले असते. परंतु त्या मुलाची पोलीस भरतीची शारीरिक चाचणी महिन्यावर आली होती, आणि ती त्यास देता आली नाही. पुढल्या भरतीपर्यंत घरची परिस्थिती थांबली नाही. तो कोठेतरी कामास लागला.

याहूनही जी गोष्ट आम्हांस सलते ती निराळीच आहे. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत सामन्याची चर्चा निघाली तेव्हा आम्ही म्हणालो, "त्याने घाई केली." हे वाक्य खोटे नव्हते. घाई त्यानेच केली होती. पण ती घाई आम्ही त्यास दिली होती, हा वाक्याचा अर्धा भाग आम्ही गिळला. मुलाने कधी दोष दिला नाही. रुग्णालयात आम्ही भेटावयास गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "सर, तुमचा आवाज ऐकला." त्यावर काय बोलावे हे आम्हांस तेव्हा सुचले नाही आणि आजही सुचत नाही.

महाभारतातील अभिमन्यूची कथा आपण नेहमी शौर्याची म्हणून सांगतो, किंवा अर्धवट विद्येची म्हणून. तिच्यातील सल्लागाराचा भाग आपण वगळतो. चक्रव्यूह भेदावयास त्यास सांगितले ते युधिष्ठिराने. बाहेर पडता येत नाही, हे अभिमन्यूने लपविले नव्हते. आम्ही तुझ्या मागोमाग येतो, असे वडीलधाऱ्यांनी आश्वासन दिले. आणि जयद्रथाने वाट अडविल्यावर ते सर्व बाहेर राहिले. तथापि युधिष्ठिराचे एक मोठेपण येथे दिसते. मुलाने घाई केली असे तो म्हणत नाही. तो दोष स्वतःकडे घेऊन शोक करितो. धर्मराज ही पदवी त्यास कशामुळे शोभते असे आम्हांस कोणी विचारील, तर आम्ही सत्यवचनाच्या कथांपेक्षा या शोकाकडे बोट दाखवू.

यावर कोणी म्हणेल, मग बघ्याने तोंडच उघडू नये की काय? तसे आमचे म्हणणे नाही. खेळणाऱ्यास समोरचा एक दिसतो. काठावरच्यास सगळे दिसतात. ॲडम स्मिथने १७५९ साली आपल्या नीतिविषयक ग्रंथात सगळी सदसद्विवेकबुद्धीच एका निःपक्षपाती प्रेक्षकाच्या दृष्टीवर उभी केली. तेव्हा प्रेक्षकाची दृष्टी तुच्छ नव्हे. परंतु दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक तर टपरीवरचा प्रेक्षक निःपक्षपाती नसतो. दुसरे असे की, स्मिथचा प्रेक्षक कर्त्याच्या अंतःकरणात बसून बोलतो, रेषेबाहेरून ओरडत नाही. दृष्टी काठावरची असू शकते. निर्णय मात्र ज्याचा देह पणास लागला आहे त्याचाच असावा लागतो.

म्हणून सल्ल्याचे काळावरून तीन प्रकार करणे आम्हांस उचित वाटते. प्रसंगापूर्वीचा सल्ला ऐकणारास तोलता येतो, नाकारता येतो. तो मोकळेपणी द्यावा. प्रसंगी दिलेला सल्ला हा सल्लाच नव्हे, तो हुकूम होय. कारण ऐकणाराजवळ विचारास क्षण नसतो, आणि आपल्याविषयी त्यास जितका आदर तितका तो हुकूम अधिक बळकट. आणि प्रसंगानंतरचा सल्ला हा निकाल पाहून लिहिलेला शेरा होय. सर्वांत सोपा, आणि म्हणूनच सर्वांत स्वस्त. आपण सुशिक्षित माणसे पहिल्या वेळी बहुधा संकोचतो, दुसऱ्या वेळी ओरडतो आणि तिसऱ्या वेळी न्यायाधीश होतो. मुलाने कोणती विद्याशाखा घ्यावी, मुलीने कोठे लग्न करावे, याविषयी आपल्या घरांत जे घडते ते याच क्रमाने घडते. वाचकांनी आपापल्या घरी पडताळून पाहावे.

हे सारे आम्ही अर्थात टपरीवर बोललो नाही. आम्ही फक्त त्या निखळलेल्या खांद्याची हकीकत सांगितली. कोणी काही बोलले नाही. मग नानांनी आपला उजवा हात बाकावर ठेविला. त्याच्या दोन बोटांची पेरे नव्हती. "जुनी प्रेस होती, पायाची. मी पट्टी बसवत होतो. माल जायची घाई होती. मागून कोणीतरी ओरडलं, 'मार!' पाय खाली गेला. हात आतच होता." थोडे थांबून ते म्हणाले, "आता प्रेसला दोन बटणं असतात, सर. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. आणि ती असतात ज्याचे हात आत जातात त्याच्याच पुढं. मागच्यानं कितीबी ओरडू दे."

नीतिशास्त्रावरील पुष्कळ ग्रंथ आम्ही वाचले आणि शिकविले. परंतु या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर आम्हांस त्यांत आढळले नव्हते. ज्याचे हात आत, बटणे त्याच्यापुढे. कारखान्यास हे शहाणपण पुष्कळ बोटांची किंमत देऊन आले. घरे, शाळा आणि सभा यांत ते यावयाचे आहे.

दुसऱ्या दिवशी पलटणाने सामना जिंकला. २८ विरुद्ध २५. इतक्या थोड्या गुणांत अंतिम सामना संपला म्हणजे दोन्ही बाजूंचे बचाव जागे होते. शादलू त्या हंगामातील सर्वोत्तम बचावपटू ठरला, तेव्हा तरुणाचे खरे झाले; आणि गुण इतके कमी झाले, तेव्हा नानांचेही खरे झाले, असे दोघांनीही आपापल्या परीने सिद्ध केले असेल यात आम्हांस शंका नाही.

पुढे काही आठवड्यांनी त्याच वाटेने जाताना मैदानावर सामना चालू असलेला दिसला. तो सडपातळ मुलगा कोपऱ्यात होता. चढाईपटू त्याच्या पुढ्यात आला, वळला. लोक ओरडू लागले. रेषेलगत नाना उभे होते. त्यांनी हात पाठीमागे बांधले होते आणि ओठ घट्ट मिटले होते. आम्हीही त्यांच्या शेजारी जाऊन तसेच उभे राहिलो. मुलाने झेप घेतली नाही. चढाईपटू सुखरूप परत गेला. त्याने धरावयास हवे होते की नाही, ते आम्हांस अजून सांगता येत नाही. आणि ते कोणी आम्हांस विचारलेही नाही.