चिंच माझी, म्हणजे कुणाची?

नाशकात द्वारकेला आमचा दीड गुंठा. बापानं हमाली करून घेतलेला. त्यात दोन खोल्या नि एक जुनी चिंच. पोराचं लग्न ठरलंय. तिसरी खोली काढायची तर चिंच आडवी येते.

१९७५ चा झाडांचा कायदा म्हणतो, शहरात स्वतःच्या जागेतलं झाडही परवानगीशिवाय तोडायचं नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरचं झाड वारसा ठरवलं. परवानगी मिळालीच तर झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावा म्हणे. दीड गुंठ्यात साठ झाडं! मग आम्ही काय फांदीवर झोपायचं?

हरकतीचा अर्ज लिहायला घेतला. पहिलंच वाक्य लिहिलं, 'जागा माझी खाजगी आहे.' आणि हात अडला. हे वाक्य आपल्या ओळखीचं. चवदार तळं खाजगी आहे म्हणत महाडचे सवर्ण १९२७ साली कोर्टात गेले होते. बाबासाहेब दहा वर्षं लढले, १९३७ साली हायकोर्टात जिंकले. आता तेच खाजगीपण मी पुढं करू? माझ्या चिंचेखाली दुपारी हातगाडीवाले टेकतात. त्यांना मी काय सांगू?

पण गप्पही बसवेना. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली शेकडो झाडं काढायचा घाट २०२५ साली महापालिकेनंच घातला. तिथं वारसा आडवा आला नाही.

ते वाक्य खोडलं. लिहिलं : सावली सगळ्यांची, मान्य. मग तिची किंमत एकट्या माझ्या पोरानं का भरायची? चिंच ठेवतो. खोलीपुरती जागा दुसरीकडं द्या.